दीड इंच

"मशीन बिघडलंय" असं चाचांना सांगून चालत नसे. ते ऐकलंच नाही असं करून खिशातला चौकटीचा रुमाल काढायचे, दहाही बोटं एकेक करून पुसायचे आणि मग म्हणायचे, "बिघडलं की नाय ते मी बघीन, भाऊ. तुम्ही काय बघितलंत ते सांगा."

बघितलेलं, ऐकलेलं आणि नाकाला लागलेलं, एवढं तीनच त्यांना चालायचं. चौथं काही, म्हणजे आपलं मत, सांगायला गेलं की ते रुमालाची घडी घालायला लागत. आमच्या वॉचमनने एकदा पाण्याच्या पंपाबद्दल "चाचा, मोटर जळली" म्हणून सांगितलं. चाचांनी विचारलं, "जळताना बघितलीस?" तो नाही म्हणाला. "धूर?" नाही. "वास?" नाही. "मग जितेपणी तिची मयत कशाला काढतोस? झालं काय ते सांग." बटण दाबलं तर मोटर चालू झाली नाही, एवढंच झालं होतं. फ्यूज गेला होता.

गेल्या वर्षी चाचा गेले. रोह्याच्या पुढे खाडीकाठच्या त्यांच्या गावी, झोपेत. मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहून ठेवील असं वाटत नाही, आणि एक गोष्ट अशी आहे की ती पुरती, माझ्याखेरीज, आता फक्त त्यांच्या बायकोला माहीत आहे. म्हणून लिहितो.

पेणहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बंगल्यांची वसाहत आहे. अठ्ठेचाळीस बंगले. त्यातले एकोणचाळीस मुंबईकरांचे, शनिवार-रविवारपुरते. कायम राहणारी आम्ही नऊ कुटुंबं. मी डोलवीला एका कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करतो. ट्रक भरलेला किती, रिकामा किती, फरक किती, हे सव्वीस वर्षं लिहीत आलो. त्यामुळे आकडा म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात, आणि त्यामुळेच सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे. वसाहतीच्या मधोमध पावणेतीन एकरांची हिरवळ आहे. ती कापायला बिल्डरने जाताना एक बसून चालवायचं यंत्र देऊन ठेवलं होतं. दिसायला लहान ट्रॅक्टरसारखं, म्हणून सगळे त्याला गवताचा ट्रॅक्टर म्हणत.

या यंत्राच्या पोटाखाली एक चपटा डबा असतो आणि त्यात दोन पाती फिरतात. इंजिनाची ताकद पात्यांपर्यंत एक रबरी पट्टा पोचवतो. तो तीन पुल्यांवरून जातो. चौथी, लहान पुली एका हलत्या दांडीवर बसवलेली असते. चालवणाऱ्याने तरफ ओढली की स्प्रिंग त्या दांडीला खेचते, लहान पुली पट्ट्यावर दाबते, पट्टा ताठ होतो आणि पाती फिरायला लागतात. ताण कमी पडला तर पट्टा पुलीवर नुसता घासत राहतो. इंजिन ओरडतं, पाती मंदावतात, आणि गवत कापलं जाण्याऐवजी आडवं होतं. आमच्याकडे हेच होत होतं. एका पावसाळ्यात पेणच्या गॅरेजवाल्याने तीन पट्टे बदलले. पहिले दोन पिठाच्या गिरणीचे, तिसरा मुंबईहून आणलेला खरा. तिन्ही पंधरा-वीस दिवसांत घसरायला लागले.

वडखळच्या नाक्यावर एका ड्रायव्हरने चाचांचं नाव सांगितलं. चाचा बावीस वर्षं आखातात होते आणि बावीसही वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, गोल्फच्या मैदानावरची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणं. वाळवंटात गवत. "तिकडे गवत माणसापेक्षा जास्त पाणी पितो, भाऊ," ते सांगत. "पायपानं पाजायचं, खत घालायचं, लाड करायचे, आणि वाढला की लगेच कापायचा. हिकडं माझ्या शेतात कोण पाजत नाय तरी कमरेएवढा हुबा हाय." त्यांच्या शेतात भात लावायला माणूस नव्हतं. दोन्ही मुलगे बापाच्याच वाटेने आखातात गेले होते आणि "अब्बा, आता घरी बसा" म्हणून फोन करत होते. घरी बसणं चाचांना जमत नव्हतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा साठीच्या पुढचे होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. यंत्राला हात लावायच्या आधी त्यांनी मला समोर बसवलं आणि प्रश्न विचारले. पट्टा थंड असताना घसरतो की तापल्यावर? सुक्या गवतात की ओल्या? चढावर की सपाटीला? घसरताना आवाज आधी येतो की वास?

मी घरात जाऊन वही आणली. तीन आठवडे मी घड्याळ लावून लिहीत होतो. पहिल्या दिवशी अकराव्या मिनिटाला, दुसऱ्या दिवशी नवव्या, ओलं गवत असेल तर सातव्या. आवाज आधी, वास साधारण दोन मिनिटांनी. चाचांनी ती वही हातात घेऊन दोन पानं वाचली. मग माझ्याकडे वर बघितलं.

"असा माणूस मला बावीस वर्षांत मिळाला नाय," ते म्हणाले. "तिकडे गोरे साहेबसुद्धा येऊन म्हणायचे, बेल्ट खराब. अरे, बेल्टला काय खराब व्हायची हौस हाय? पट्टा आपण होऊन घसरत नाय. त्याला कोणतरी घसरवतो."

त्या दिवशी त्यांना दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्यातले दोन तास दहा मिनिटं ते नुसते बघत होते. डबा खाली घेऊन उलटा केला. पट्टा काढून त्याची कड उन्हात धरली. कड काचेसारखी चकाकत होती. "हे चांगलं नाय," म्हणाले, "चकाकायचं ते नवरीनं, पट्ट्यानं नाय." स्प्रिंग ओढून बघितली, ती ठीक होती. मग त्यांनी लहान पुलीची दांडी बोटाने ढकलली आणि सोडली. ती जिथल्या तिथे राहिली. परत ढकलली, परत राहिली. कापलेल्या गवताचा रस, ती ज्या खिळीवर फिरते त्या खिळीत जाऊन सुकला होता आणि त्यावर गंज चढला होता. स्प्रिंग बिचारी ओढत होती, पण दांडी पुरती फिरतच नव्हती. रॉकेल, तारेचा ब्रश, थोडं ग्रीस. काचकागदाने पट्ट्याची चकाकी घासून काढली आणि गॅरेजवाल्याचा तोच तिसरा पट्टा परत चढवला. तो पुढे साडेचार वर्षं चालला.

तेव्हापासून चाचा आमच्याकडे मंगळवारी आणि शनिवारी यायला लागले. रोहा ते नागोठणं एक एसटी, नागोठणं ते पेण दुसरी, मग सहाआसनी रिक्षा. त्यांना यायला पावणेदोन तास लागत. मी एकदा म्हटलं, चाचा, इतक्या लांबून कशाला, आठवड्यातून एकदाच या. त्यांनी रुमाल काढला.

त्यांची सगळीच कामं वेळखाऊ होती. गवत कापायच्या आधी बादली घेऊन ते पूर्ण मैदान पायी फिरत आणि खडे वेचत. पाती दगडावर आदळू नयेत म्हणून हे करावंच लागतं, पण चाचा खडे मोजत. संध्याकाळी जाताना मला आकडा सांगून जात. "आज सत्तेचाळीस." मी तो लिहून ठेवी. याचा काही उपयोग नव्हता. एका महिन्यात आकडा दुप्पट झाला तेव्हा मात्र चाचांनी शोधून काढलं की कोपऱ्यातल्या बंगल्यात बांधकाम निघालं होतं आणि तिथले मजूर मैदानातून घमेली नेत होते. त्या दिवशी आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू मोठा कट उघडकीस आणला.

ईदला मी आणि माझी बायको त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला गेलो होतो. चाची गप्पिष्ट. माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्नाला एकेचाळीस वर्सं झाली, पण या माणसानं मला एकदा डोकं दुखतं म्हणू दिलं नाय. लगेच विचारतो, कुठल्या बाजूचं? कधीपासून? वाकल्यावर की बसल्यावर? सांगता सांगता दुखायचं थांबतं." रोह्याच्या डॉक्टरांकडे जातानासुद्धा म्हणे ते रस्त्यात चाचींची तालीम घेत. 'ॲसिडिटी' म्हणायचं नाही, कुठे जळतं ते बोट लावून दाखवायचं. चाचा खाली मान घालून हसत होते. गावात त्यांना मान होता हे त्या दिवशी दिसलं. आम्ही होतो तेवढ्या दोन तासांत तीन माणसं काही ना काही घेऊन आली. एकाचा पंप, एकाच्या होडीचं इंजिन, एकीचा मिक्सर. तिघांनाही चाचांनी दारातच विचारलं, काय बघितलंस ते सांग.

आता तो पट्टा.

साडेचार वर्षांनी तो खरोखरच जीर्ण झाला. आतल्या बाजूला भेगा पडल्या, एके ठिकाणी दोरे दिसायला लागले. चाचा म्हणाले, आता नवा मागवा, मुंबईहूनच, गिरणीचा नको. जुन्या पट्ट्यावरचा नंबर पुसून गेला होता. तेव्हा चाचांनी एक दोरी घेतली, ती सगळ्या पुल्यांवरून पट्ट्याच्या वाटेने फिरवली, गाठ मारली आणि मोजली. मला म्हणाले, "चौऱ्याण्णव इंच लिहा." मी पेन्सिलीने लिहिलं.

त्या संध्याकाळी मी एकटा असताना माझ्या मनात आलं की दोरीचं माप कच्चं. दोरी ताणते, गाठीत जाते. मी जुना पट्टा कोठीत नेला, फरशीवर खडूची रेघ मारली, पट्टा त्या रेघेवरून कडेवर एक पूर्ण फेरा गडगडत नेला आणि टेपने अंतर घेतलं. एकदा नाही, तीनदा. एकदा पंच्याण्णव इंच तीन सूत, एकदा चार सूत, एकदा पाच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिन्हींची सरासरी साडेपंच्याण्णव. चाचांच्या चौऱ्याण्णवच्या खाली मी तो आकडा पेनने लिहिला, त्याच्याखाली दोन रेघा मारल्या आणि मुंबईच्या दुकानदाराला साडेपंच्याण्णव कळवला. मला माझ्या कामाचं समाधान वाटलं. चाचांना सांगायचं राहिलं असं म्हणणार नाही. सांगितलं असतं तर त्यांची दोरी चुकली असं म्हणावं लागलं असतं, आणि ते मला नको होतं.

नवा पट्टा आला. त्याच्यावर दुकानदाराचा स्वतःचा कसलातरी नंबर होता, माप नव्हतं. चाचांनी चढवला, आणि तो पहिल्याच दिवशी आठव्या मिनिटाला घसरला.

पुढचे तीन आठवडे चाचा दोषाच्या मागे लागले. दांडी काढली, धुतली, परत बसवली. लहान पुलीचं बेअरिंग बदललं. स्प्रिंग नवी आणली, तिचं टोक एक भोक पुढे अडकवून ताण वाढवला, तेव्हा पट्टा पंधरा मिनिटं टिकला आणि मग घसरलाच. डब्याचा पत्रा कुठे वाकलाय का म्हणून गुण्या लावला. पुल्या एका रेषेत आहेत का म्हणून दोरी ताणून बघितली. मंगळवार-शनिवारऐवजी रोज यायला लागले. खडे वेचायचं थांबलं. जेवणाचा डबा बऱ्याचदा तसाच परत जाई.

एकदा त्यांनी मला विचारलं. मी गेटपाशी होतो, ते हात पुसत आले. "भाऊ, मापाचं पक्कं ना?"

मी म्हणालो, "चाचा, तीनदा मोजलंय."

"मग झालं," ते म्हणाले. "तुम्ही मोजलंत म्हणजे मी परत मोजणार नाय."

ज्यांनी मोटर जळली हे वॉचमनचं ऐकलं नाही, डोकं दुखतं हे बायकोचं ऐकलं नाही, त्यांनी माझं ऐकलं. त्यांचा चौऱ्याण्णवच मी तीनदा ताडून बघितला असं त्यांना वाटलं. वही बघितली असती तर पेन्सिल आणि पेन दोन्ही दिसलं असतं. त्यांनी वही मागितली नाही.

डिसेंबरमध्ये अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न मैदानावर होतं. अध्यक्ष मुंबईचे, माणूस वाईट नाही. आदल्या दिवशी सकाळी चाचा कापायला बसले. स्प्रिंग आणखी एक भोक पुढे ओढली होती. अर्धं मैदान नीट झालं. मग किंकाळीसारखा आवाज आला, धूर निघाला, आणि जळक्या रबराचा वास मांडववाल्यांपर्यंत गेला. पट्टा करपून तुटला. अध्यक्ष बाहेर येऊन उभे राहिले. अर्धं मैदान कापलेलं, अर्धं उभं, आणि मधल्या पट्टीत गवत आडवं पडलेलं.

शेवटी वाडीवरच्या सहा बायकांना बोलावलं. त्यांनी विळ्यांनी तीन तासांत उरलेलं मैदान साफ केलं. त्यांतली एक म्हातारी चाचांच्या ओळखीची होती. ती जाता जाता म्हणाली, "काय वो चाचा, तुमच्या टॅक्टरापरीस आमचा इळा बरा. त्याला पट्टा नाय का नि काय नाय." बाकीच्या हसल्या. एरवी चाचांनी तिला दोन ऐकवली असती. ते यंत्राकडे पाठ करून बसले होते, आणि उठले ते सरळ गेटकडे गेले.

लग्नानंतर सोसायटीची बैठक ठरली, रविवारी. शनिवारी दुपारी मी मुंबईच्या दुकानदाराला दुसऱ्या पट्ट्यासाठी फोन केला आणि तोच आकडा सांगितला. या वेळी त्याने मॉडेल विचारलं आणि तो म्हणाला, "साहेब, हे माप कशावरून घेतलं? जुन्या पट्ट्यावरून नाही ना? जुना ताणलेला असतो. त्या मॉडेलला चौऱ्याण्णव लागतो."

मी फोन ठेवला आणि वही उघडली. वर पेन्सिल, खाली पेन, दोन रेघा. चाचांनी पट्ट्याची वाट मोजली होती. मी पट्टा मोजला होता. फरक दीड इंच.

मी चौऱ्याण्णवची ऑर्डर दिली. मनाशी ठरवलं की आठवड्याभरात पट्टा येईल, यंत्र चालेल, आणि हा विषय आपोआप मिटेल. बैठकीत सांगायची गरज पडणार नाही. हे मी ठरवलं, दुसऱ्या कोणी नाही. बायकोने विचारलं, कसला फोन होता, तर मी म्हटलं, पट्ट्याचा.

बैठकीला चाचांना बोलावलं होतं. ते बाहेर बाकावर बसले. आत एक सभासद म्हणाले की वय झालंय, हात पहिल्यासारखे नसतील. दुसरे म्हणाले, नीट ऐकू तरी येतं का त्यांना. अध्यक्षांनी मला विचारलं, तुमचं काय मत? मी म्हणालो, नवा पट्टा मागवलाय, तो येईपर्यंत थांबू. एवढंच म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, अहो, पट्टे किती बदलायचे? वही माझ्या मांडीवर होती.

ठराव व्हायच्या आधीच चाचा आत आले. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी यंत्राची किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या समोर.

"तुम्ही काय म्हणायची गरज नाय," ते म्हणाले. "बावीस वर्षं तिकडं, पाच वर्षं हिकडं. असं मला कधी झालं नव्हतं. सगळं खोललं, सगळं बघितलं. सापडत नाय म्हणजे नाय सापडत."

अध्यक्ष उठून उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले की आपण तुमचा रीतसर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. चाचा म्हणाले, "शाल नको. मला थंडी नाय वाजत." आणि गेले. मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेलो. तिथे सांगता आलं असतं. मी त्यांना विचारलं, रिक्षा मिळेल ना. ते म्हणाले, मिळंल.

नऊ दिवसांनी चौऱ्याण्णव इंचाचा पट्टा आला. पनवेलच्या एका ठेकेदाराचा माणूस येऊन वीस मिनिटांत बसवून गेला. यंत्र पूर्ण मैदानभर चाललं, कसलाही आवाज नाही, वास नाही. सगळे म्हणाले, बघा, जाणकार माणूस पाहिजे. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात 'यंत्र उत्तम चालत आहे' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

मे महिन्यात आमच्याकडे रोह्याकडचा एक प्लंबर कामाला आला. बोलता बोलता चाचांचा विषय निघाला. तो म्हणाला, चाचा आता काही बघत नाहीत. त्याच्या भावाने होडीचं इंजिन दारात नेलं तर त्याला परत पाठवलं. मला आता सापडत नाय, म्हणाले, दुसऱ्याला दाखव. गावात कोणाचंच काही हातात घेत नाहीत. मुलगे खूश आहेत, बाप घरी बसला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि स्कूटरवरून रोह्याला गेलो. वही बरोबर घेतली.

चाचा पडवीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते. शर्टाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली. मला बघून उठले, चाचींना हाक मारली, पाणी मागवलं. माझ्या बायकोची चौकशी केली. मैदान कसं आहे ते विचारलं. मी पाणी न पिता वही उघडून त्यांच्यासमोर धरली आणि बोट लावून दाखवलं. पेन्सिलीचा आकडा तुमचा, पेनचा माझा. पट्टा माझ्या आकड्याचा आणला. दीड इंच लांब होता. तुमच्या आकड्याचा लावल्यावर यंत्र चाललं. मी मत सांगितलं नाही, माफीसुद्धा मागितली नाही. जे झालं तेवढं सांगितलं.

चाचांनी वही हातात घेतली. दोन्ही आकड्यांवरून अंगठा फिरवला. चाची दारात उभ्या होत्या.

मग चाचांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"बैठकीच्या आदल्या दिवशी. दुपारी."

"किती दिवस झाले?"

मला माहीत होतं. स्कूटरवर येताना मोजले होते. "एकशे अठ्ठावन्न."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. आवाज चढला नाही. "रोज सकाळी नमाज झाली की मी ती मशीन खोलतो, भाऊ. हितं बसून, मनात. आधी डबा उतरवतो. स्प्रिंग काढतो, दांडी काढतो, पुल्या काढतो. एकेक बघतो. परत लावतो. काय सुटलं ते बघतो. रोज. आजपण खोलली." मग म्हणाले, "एक फोन करायचा होतात."

चाची म्हणाल्या, "जाऊ द्या हो, सांगायला आले ना ते." चाचांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "मी मशीनमधे शोधत होतो," ते म्हणाले, माझ्याशी नव्हे, समोरच्या अंगणाशी.

मी त्यांना परत या म्हणालो. अध्यक्षांशी बोलतो, सगळ्यांसमोर सांगतो, म्हणालो. पुढच्या बैठकीत मी खरोखरच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, दीड इंच ना? सोडा आता." सभासद पुढच्या विषयाकडे वळले. पण ते नंतर. त्या दिवशी चाचांनी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे मला कळलं नाही. ते परत आले नाहीत. गावात त्यांनी पुन्हा कोणाचं इंजिन उघडलं का, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चाचींनी चहा दिला, तो घेतला. निघताना त्या म्हणाल्या, "या परत, भाऊ." मी अंगणात जाऊन स्कूटर वळवली आणि किल्ली लावली, पण चालू केली नाही. तिथून पडवी दिसत होती.

चाचा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. डाव्या हाताने मांडीवर काहीतरी घट्ट धरल्यासारखं केलं होतं आणि उजव्या हाताची बोटं वळत होती. अर्धा फेरा, थांबायचं, पुन्हा अर्धा फेरा. स्प्रिंग असावी. मग दांडी, मग लहान पुली. मग दोन्ही हात लांब करून त्यांनी हवेत काहीतरी गोल उचललं, ते एका बाजूने अडकवलं, अंगठ्याने दाबत दुसऱ्या बाजूने चढवलं. तरफ ओढली. आणि मान जराशी कलती करून, डोळे मिटून, ऐकत बसले.